मदत हवी आहे: लेक नोकरीसाठी आयल ऑफ वाइटला निघाली आहे, तिथल्या राहण्याबद्दल सांगाल का?

नमस्कार मंडळी,

मी दापोलीची, निवृत्त शिक्षिका. माझी लेक नर्स आहे. तिला इंग्लंडच्या दक्षिणेला आयल ऑफ वाइट बेटावर, न्यूपोर्ट गावातल्या सरकारी रुग्णालयात नोकरी मिळाली आहे. आधी ती एकटी जाईल, तीनेक महिन्यांनी जावई आणि सहा वर्षांचा नातू. पत्र आलं त्या दिवशी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी एका नातेवाइकांचा फोन आला, "ते बेट इंग्लंडमध्ये येत नाही. त्याचं सरकार वेगळं, व्हिसा वेगळा. नीट चौकशी करा." तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे.

नकाशा काढून पाहिला. बेट आणि किनारा यांच्यामध्ये सोलेंट नावाची समुद्राची पट्टी आहे, तिच्यावर पूल नाही की खालून बोगदा नाही. आम्ही दाभोळ-धोपावे फेरीबोटीने जन्मभर ये-जा केलेली माणसं, बोटीचं भय नाही. पण वारं सुटलं की जेटीवर गाडी उभी करून तासन् तास वाट बघायची म्हणजे काय, तेही माहीत आहे. रात्री पोराला काही झालं आणि बोट बंद असली तर? हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही.

बेट नक्की कोणाचं, घर कुठल्या गावात बघावं, आणि आपलं माणूस तिथे रमेल का, एवढं कोणी अनुभवाने सांगितलं तर फार उपकार होतील.

प्रतिसाद

काकू, तुमच्या नातेवाइकांचा आयल ऑफ मॅनशी घोळ झालाय. ते आयरिश समुद्रातलं बेट, त्याची संसद वेगळी आणि व्हिसाही वेगळा. जर्सी आणि गर्न्सी यांचंही तसंच, ती फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ आहेत. आयल ऑफ वाइट मात्र शंभर टक्के इंग्लंड. लेकीचा ब्रिटनचा व्हिसा तिथे जसाच्या तसा चालतो, वेगळा कागद लागत नाही.

प्रतिसाद

ताई, मी गेली सात वर्षं या बेटावर राइड गावात राहते, कामही रुग्णालयातच. सविस्तर लिहिते.

पूर्वी हे बेट हॅम्पशायर परगण्यात मोडायचं. १८९० साली याची स्वतःची काउंटी कौन्सिल झाली. १९९५ पासून सगळा कारभार एकाच स्थानिक कौन्सिलकडे आहे, म्हणजे कचरा, रस्ते, शाळाप्रवेश सगळं एकाच दारात. वस्ती साधारण १,४०,००० आणि क्षेत्रफळ ३८० चौरस किलोमीटरच्या आसपास. अनेक वर्षं अख्ख्या बेटाला मिळून एकच खासदार होता, आणि मतदारसंख्येने देशातला सर्वांत मोठा मतदारसंघ म्हणून त्याची ओळख होती. २०२४ च्या निवडणुकीपासून पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले. आणि एक गंमत. आपले शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन १९६५ पासून या बेटाचे मानाचे गव्हर्नर होते.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न, रात्री-अपरात्रीचा. बेटावर एकच मोठं रुग्णालय आहे आणि ते न्यूपोर्टातच आहे. अपघात विभाग चोवीस तास उघडा. मुलाला ताप आला, हात मोडला, दमा उठला, तर बोटीचा संबंधच येत नाही. मेंदूच्या शस्त्रक्रियेसारखं फार गुंतागुंतीचं असलं तर साउथॅम्प्टनला नेतात, आणि घाई असेल तर हेलिकॉप्टरने. मी स्वतः अशा पेशंटबरोबर हेलिपॅडपर्यंत गेले आहे. निरोप, कागद, ब्लँकेट, सगळं हाताशी असतं. लोक घाबरलेले असतात, पण यंत्रणा गोंधळत नाही.

बोटींचं म्हणाल तर चार-पाच वाटा आहेत. पोर्ट्समथहून फिशबोर्नला, साउथॅम्प्टनहून ईस्ट काउझला आणि लिमिंग्टनहून यार्मथला गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटी. पायी जाणाऱ्यांसाठी पोर्ट्समथहून राइडच्या धक्क्याला वीस-बावीस मिनिटांची कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांची वेगवान बोट. आणि साउथसीहून राइडला हॉवरक्राफ्ट, म्हणजे हवेच्या गादीवर तरंगत जाणारं वाहन, दहा मिनिटांत. अनेक वर्षं बाराही महिने प्रवासी नेणारी हॉवरक्राफ्ट जगात एवढीच उरली होती. हॉवरक्राफ्टचा पहिला नमुनाही इथेच, काउझला १९५९ साली पाण्यावर उतरला. नातवाला हे बघायला न्याच. ओहोटीला राइडची वाळू लांबच लांब उघडी पडते. त्या वाळूवरून ते काळं फुगलेलं धूड फवारे उडवत, कानठळ्या बसवत थेट काठावर चढतं आणि मग फुस्स करून खाली बसतं. माझा मुलगा पहिल्या दिवशी माझ्या पायाला घट्ट बिलगला होता, आता खिडकीतून आवाज आला की "आली!" म्हणून ओरडतो.

वाऱ्यावादळाचा फटका आधी हॉवरक्राफ्टला बसतो, मग कॅटमरानला. मोठ्या बोटी सर्वांत शेवटी थांबतात. म्हणून विमान पकडायचं असेल तर आदल्या दिवशीच बेट सोडावं, हा आमच्या घरातला नियम. भाडं मात्र जड आहे, विशेषतः गाडीचं आणि उन्हाळ्यात. रहिवाशांसाठी सवलतीच्या योजना असतात, आल्या आल्या चौकशी करायची.

घर न्यूपोर्टात किंवा बसच्या थेट वाटेवर बघा. न्यूपोर्टला रेल्वे नाही, ती १९६६ साली बंद झाली. आज गाडी फक्त राइडच्या धक्क्यापासून शँकलिनपर्यंत धावते, आणि डबे लंडनच्या भुयारी रेल्वेतून निवृत्त झालेले, कारण राइडच्या बोगद्यात उंच डबे मावत नाहीत. बसचं जाळं मात्र चांगलं आहे आणि बहुतेक बसेस न्यूपोर्टात येऊन मिळतात. तुम्हाला फेरीबोटीची सवय, म्हणून सांगते. काउझ आणि ईस्ट काउझ ही मेडिना नदीच्या दोन काठांवरची गावं, मध्ये साखळ्यांवर ओढली जाणारी बोट आहे. तिला इथे फ्लोटिंग ब्रिज म्हणतात. दाभोळची आठवण येईल तुम्हाला. दक्षिण किनाऱ्यावरचं व्हेंटनर गाव फार सुंदर, कड्याखाली उबदार, पण रस्ते छातीवर येणारे, आणि त्या बाजूची जमीन सरकते. २०२३ च्या डिसेंबरात शेजारच्या बॉनचर्चला मोठी दरड कोसळली. नव्या माणसाने तिथे घर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सर्वांत महत्त्वाचं: घराचा करार बारा महिन्यांचाच करा. इथे 'विंटर लेट' म्हणून घरं निघतात. ऑक्टोबरपासून वसंत ऋतूपर्यंत स्वस्तात देतात आणि उन्हाळ्यात पर्यटकांसाठी रिकामी करून घेतात. नव्या नर्सेस भाडं कमी बघून फसतात आणि मे महिन्यात बॅगा भरतात. लेकीला हे आजच फोन करून सांगा.

प्रतिसाद

मी पोर्ट्समथला असतो, बेटावर वरचेवर जातो. किराण्याची काळजी नको. न्यूपोर्टात मोठी सुपरमार्केटं आहेत, डाळ-तांदूळ-मसाले मिळतात. खास आपल्या वस्तूंसाठी महिन्यातून एकदा साउथॅम्प्टनला सेंट मेरीज भागात जायचं. हिंदू मंदिरही त्याच शहरात आहे.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू? प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले, घरात सगळे ऐकत बसले होते. बारा महिन्यांच्या कराराचं लेकीला लगेच कळवलं. खरंच तिने पाहून ठेवलेलं घर एप्रिलअखेरपर्यंतच होतं.

एक राहिलंच. ती एकटी असताना पहिले तीन महिने सुट्टीच्या दिवशी काय करेल? बेटावर म्हाताऱ्यांचीच वस्ती जास्त, असं वाचलं.

प्रतिसाद

हो ताई, चारात एकाहून जास्त माणूस ६५ च्या पुढचा आहे. पण शेजारधर्म चांगला. मी नवीन होते तेव्हा पलीकडच्या आजी दर रविवारी केक आणून द्यायच्या, आणि माझ्याकडून पोह्यांची कृती लिहून घेऊन गेल्या.

तिला पहिल्याच सुट्टीला ईस्ट काउझच्या ऑस्बोर्न हाउसला जायला सांगा. व्हिक्टोरिया राणीचं घर, १९०१ साली तिने तिथेच प्राण सोडला. आत दरबार रूम आहे. छतापासून भिंतींपर्यंत पांढरं शुभ्र नक्षीकाम, शेकोटीच्या वर पिसारा फुलवलेला मोर. हे काम लाहोरच्या भाई राम सिंग यांचं, त्यांच्याबरोबर लॉकवुड किपलिंग. हेच किपलिंग आधी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे, क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शेतकऱ्यांची शिल्पं त्यांचीच. तिथल्या एका मार्गिकेत राणीने मुद्दाम काढून घेतलेली साध्या हिंदुस्थानी माणसांची चित्रं आहेत, सैनिक, कारागीर, पोरंसोरं. घरची फार आठवण आली की मी तिथे जाऊन उभी राहते. पहिल्या हिवाळ्यात दोनदा गेले होते.

लेकीला माझा निरोप द्या. ती येईल त्या दिवशी धक्क्यावर घ्यायला मी येते. बोट कुठली आणि किती वाजताची, एवढं फक्त मला कळवा.

धागाकर्ती

ताई, डोळ्यांत पाणी आलं. तिकीट झालं की बोटीची वेळ व्यक्तिगत निरोपातून कळवते. तुमच्यासाठी कोकम आणि कुळथाचं पीठ तिच्याबरोबर देते आहे, नाही म्हणू नका.

घर मात्र अजून ठरायचं आहे. न्यूपोर्टात रुग्णालयापासून चालत जाता येईल असं, वर्षाच्या कराराचं दोन खोल्यांचं घर कोणाच्या माहितीत असेल तर इथेच लिहा.