मदत हवी आहे: काम बदललं म्हणून कंपनी पगार कमी करू शकते का?

शेंद्र्याचा_ऑपरेटर:
लवकर सांगा कुणीतरी. कंपनीनं मला लाईनवरून काढून स्टोअरला टाकलं अन् या महिन्यात पगार चार हजारानं कमी पडला. एचआरला विचारलं तर म्हणायलेत रोल बदलला की पगार बी बदलणार, उद्या संध्याकाळपर्यंत लेटरवर सही करा नसता बघून घेऊ. असं करता येतं का त्यांना? घराचा हप्ता हाय, पोरीची फी तोंडावर आली, डोकं चालंना.

जुना_फिटर:
पर्मनंट का ठेकेदाराकडून? युनियन हाय का? पगारातलं नेमकं काय कमी झालं? एवढ्यावर कुणी काय सांगावं भाऊ.

लातूरकर:
मी सांगतो, सोडून दे. वाळूजला माझ्या मेव्हण्याचं असंच केलं होतं, त्यानं दुसरीकडं इंटरव्ह्यू दिला, आज जास्त कमवायलाय.

शेंद्र्याचा_ऑपरेटर:
पर्मनंट हाय, युनियन नाही. सोडून दे म्हणणं सोपंय दादा, आता दुसरी नोकरी काय झाडाला लागली का. प्रेसची लाईन बंद केली त्यांनी, माझी चूक काहीच नाही. 23,400 चे 19,200 झाले.

परभणीची_ताई:
23,400 होता म्हणजे तुम्ही ईएसआयसीत (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात) नसाल, मर्यादा 21,000 ची आहे. आता खाली आलात तर दवाखान्याचं कार्ड निघेल, ते आधी विचारून घ्या. चिकलठाण्याच्या ईएसआयसी दवाखान्यात माझ्या सासऱ्यांचं...

जुना_फिटर:
ताई, त्यानं दवाखान्याचं विचारलंच नाही. भाऊ, 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 9 अ हाय. पगार, भत्ते असल्या अटी बदलायच्या तर आधी नोटीस अन् 21 दिवस थांबायचं. नोटीस दिली का तुला?

कामगार_कायदा_वाचक:
काका, 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, आता कलम 40 बघायचं. 21 दिवस तेच आहेत. स्लिपवर काय गेलंय ते टाका.

जुना_फिटर:
नंबर बदलला असंल, मतलब तोच ना. आमच्या येळंला कामगार उपायुक्तांकडं गेलो की मालक बरोबर लाईनीवर यायचा.

शेंद्र्याचा_ऑपरेटर:
नोटीस बिटीस काही नाही. बेसिक तेवढाच 12,800 हाय. शिफ्ट अलाउन्स 1,500 अन् स्किल अलाउन्स 2,700 उडवला.

लातूरकर:
मग पगार कुठं कमी झाला, भत्ते गेले. रात्रपाळी नाही तर शिफ्टचे पैसे कशाचे?

कामगार_कायदा_वाचक:
शिफ्टचं तुमचं पटतं, स्टोअर दिवसाच चालत असेल तर ते मागणं अवघड आहे. पण स्किलचा भत्ता दर महिन्याला पगारात धरून मिळत होता, आणि नोटिशीच्या यादीत भत्ते पण येतात. दोन्ही एकत्र भांडू नका, 2,700 वर जोर द्या. लेटरमध्ये पद काय लिहिलंय?

शेंद्र्याचा_ऑपरेटर:
स्टोअर सुपरवायझर. त्यानं काय फरक पडतो?

कामगार_कायदा_वाचक:
लई फरक पडतो! सुपरवायझरीचं काम आणि वेतन 18,000 च्या वर असेल तर तो माणूस संहितेत 'कामगार' धरत नाहीत, मग ही नोटीसच लागू नाही. तुमच्या हाताखाली कोण आहे? रजा तुम्ही मंजूर करता का?

शेंद्र्याचा_ऑपरेटर:
कोणी नाही हो. मालाचे डबे उचलतो, मटेरियल मोजून रॅकला लावतो, कॉम्प्युटरवर एंट्री मारतो. रजेला मीच साहेबाच्या मागं फिरतो.

जुना_फिटर:
मग तू कामगारच. कोर्ट पाटी बघत नाही, काम बघतं. पण ते लेटर 'मान्य आहे' म्हणून सही करू नको.

लातूरकर:
आणि सही नाही केली तर गेटवर अडवतील, मग काय करणार तुम्ही लोक?

कामगार_कायदा_वाचक:
सही करायचीच वेळ आली तर 'पत्र मिळाले, पदनाम व वेतनकपात मान्य नाही' असं स्वतःच्या हातानं लिहून तारीख टाका, फोटो काढा. आज रात्रीच एचआरला मेल करा: रोज काय काम करता ते, कुठला भत्ता किती गेला ते, नोटीस मिळाली नाही ते. जुन्या स्लिपा आणि अपॉइंटमेंट लेटर जोडा. त्याचीच प्रत घेऊन पुढं कामगार उपायुक्त कार्यालयात तक्रार देता येते. गेटवर अडवलं तर ते पण त्याच दिवशी मेलवर लिहा.

शेंद्र्याचा_ऑपरेटर:
मेल मराठीत चालंल का? इंग्रजी जमत नाही मला.

जुना_फिटर:
चालतंय की. लिही अन् पाठवायच्या आधी इथं टाक, नावं काढून. बघतो आम्ही.