मदत हवी आहे: मिथेनॉलमध्ये लखलखणारा पॉलिमर पाण्यात मंद का पडतो?

अनुजा_सांताक्रूझ
नमस्कार मंडळी. पाण्यातलं पिक्रिक अ‍ॅसिड ओळखायला पॉलिफ्लुओरीन-फिनिलीन डाय (चमकणारा साखळी-पॉलिमर) बनवतेय. पुढे तोच अँटिबॉडीला जोडायचाय. सुझुकी कपलिंग (पॅलेडियमने कार्बन-कार्बन जोडणी), पॅलेडियम २ मोल टक्के, मग ब्रोमोहेक्झिल बाजूसाखळ्यांवर ट्रायमिथाइलअमीन, म्हणजे त्या धनभारित होतात. ३८० नॅनोमीटरला एक्साइट केल्यावर (प्रकाश पाडल्यावर) क्वांटम यील्ड, म्हणजे शोषलेल्या प्रकाशापैकी चमक म्हणून परत येणारा वाटा, मिथेनॉलमध्ये ०.७१ आणि पाण्यात जेमतेम ०.२३. पाण्यात ४१८ च्या पीकशेजारी ५३० ला हिरवट खांदा (कडेचा फुगवटा) दिसतो. पिक्रिक घातलं की चमक झपाट्याने उतरते, पण स्टर्न-व्होल्मर आलेख (पिक्रिकच्या प्रमाणानुसार चमक किती पट घटली त्याचा) सरळ न जाता वर वळतो. रेणूत नेमका कुठे बदल करू?

कार्बन१३
रेणूला हात लावण्याआधी खांदा कशाचा आहे ते ठरवा. ५३० ला दोन गोष्टी दिसू शकतात: साखळ्या एकमेकींना चिकटून झालेले गुंते, किंवा फ्लुओरीनच्या ९ व्या कार्बनचं ऑक्सिडेशन होऊन बनलेला फ्लुओरिनोन. नुसतं पाणी घालून पातळ करू नका, त्याने गुंते सुटतीलच असं नाही. २ मिली नमुन्यात १० टक्के ट्वीन-२० (साबणासारखं द्रव्य) चे २० मायक्रोलिटर घाला, हलवा, दहा मिनिटांनी स्पेक्ट्रम घ्या. ४१८ वर चढला आणि खांदा गेला तर गुंते. खांदा तसाच राहिला तर फ्लुओरिनोन. मग सुक्या पॉलिमरचा आयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) काढून १७२० च्या आसपास कार्बोनिल (फ्लुओरिनोनमधला कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध) दिसतो का बघा.

मोजणीतही चुका लपतात. ३८० ला एक्साइट केलं की पाण्याचं रामन (पाण्यानेच विखुरलेला प्रकाश) ४३६ च्या आसपास येतं, म्हणजे तुमच्या पीकच्या उतारावरच. ब्लँक (नुसत्या पाण्याचा स्पेक्ट्रम) वजा केल्याशिवाय आकडा धरू नका. नमुना आणि क्विनाइन सल्फेट (तुलनेचं प्रमाणद्रव्य) दोघांना एकाच तरंगलांबीवर एक्साइट करा, शोषण ०.०५ च्या आसपास ठेवा. आणि या दिवसांत क्युव्हेट (नमुन्याची काचकुपी) होल्डर २० अंशांवर नको. पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५ च्या घरात असतो. एसी बंद असला की काचेवर बारीक दव धरतं आणि प्रकाश विखुरतो. २८ ला ठेवा किंवा कोरडा नायट्रोजन सोडा.

स्पेक्ट्रम_पवई
आलेख वर वळतो त्याबद्दल. पिक्रिक स्वतः ३५५ च्या आसपास जोरात शोषतं आणि त्याची शेपटी ४०० च्या पुढे जाते. म्हणजे तुमचा एक्साइटेशनचा प्रकाश तेच खातं, पॉलिमरपर्यंत कमी पोचतो. हे क्वेंचिंग (पॉलिमरची चमक विझवणं) नव्हे, इनर फिल्टर. प्रत्येक थेंबानंतर ३८० आणि ४१८ ला शोषण घ्या, दोन्हींची बेरीज करून निम्मी करा, १० चा तेवढा घात काढून मोजलेल्या चमकेला गुणा. त्यानंतर जे उरेल ते खरं. धनभारित साखळीवर पिक्रेट घट्ट बसतो, त्यामुळे थोडं स्टॅटिक क्वेंचिंग (आधीच चिकटून बसल्याने होणारं) उरेलच. तेव्हा चमक उतरली तरी लाइफटाइम (चमक टिकण्याचा काळ) जवळजवळ बदलत नाही.

पिक्रिक सुकलं की स्फोटक असतं, कायम ओलं ठेवा, धातूचा चमचा लावू नका. बाटलीच्या झाकणाच्या आट्यांत सुकलेले खडे असतील तर झाकण उघडायला जाऊ नका, सेफ्टी ऑफिसरना बोलवा.

अनुजा_सांताक्रूझ
दोघांचेही आभार. ट्वीन घातल्यावर यील्ड ०.४९ झाली, पण खांदा निम्माच उतरला. मोनोमरच्या (पॉलिमरच्या सुट्या घटकाच्या) एनएमआर स्पेक्ट्रममध्ये ३.९ पीपीएमला लहानसा ट्रिप्लेटही (तीन शेंड्यांचा सिग्नल) सापडला.

कार्बन१३
मग दोन्ही कारणं आहेत. तो ट्रिप्लेट म्हणजे ९ व्या कार्बनवर उरलेला हायड्रोजन, एकच साखळी बसलेला मोनोमर. फ्लुओरिनोन तिथूनच तयार होतं. साखळीवरून फिरणारी ऊर्जा अशा एका खड्ड्यात जाऊन पडते, त्यामुळे शंभर युनिटमागे एक दोष असला तरी भारी पडतो. पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइडने (तीव्र बेस) सफाई करायची पद्धत इथे नको, ब्रोमोहेक्झिलचं एलिमिनेशन होऊन अल्कीन बनेल. पॅलेडियम काढायला डायथायोकार्बामेटही नको, ते ब्रोमिनच्या जागी जाऊन बसतं. मोनोमर पुन्हा बनवताना डायब्रोमोहेक्झेन १० इक्विव्हॅलंट (मोलच्या हिशेबात दहापट) घ्या, ढवळणं जोरात ठेवा (दोन थरांची रिअ‍ॅक्शन आहे), मग कॉलम करून ३.९ कोरा होईपर्यंत रिक्रिस्टलायझेशन.

अँटिबॉडीसाठी मात्र धनभार सोडाच, माझं ठाम मत आहे. तो काचेला, डीएनएला, प्रथिनांना, सगळ्यालाच चिकटतो. प्रत्येक फ्लुओरीनवर दोन पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) साखळ्या घ्या, शक्यतो फांद्यांच्या. त्या पाठीच्या कण्याभोवती पाण्याची गादी धरतात आणि गुंते होऊ देत नाहीत. त्यात ब्रोमोअल्किल नसल्यामुळे डायथायोकार्बामेटही बिनधास्त वापरता येतं: ६० अंश, रात्रभर, मग डायलिसिस (बारीक छिद्रांच्या पडद्यातून लहान रेणू काढून टाकणं). बाजारातल्या ब्रिलियंट व्हायोलेट ४२१ (अँटिबॉडीला जोडायचा असाच पॉलिमर डाय) ची यील्ड ०.६५ च आहे, फ्लुओरेसिनची ०.९ च्या वर. तरी पहिला कितीतरी उजळ, कारण त्याची एक साखळी २५ लाखांच्या शोषणांकाने (प्रकाश शोषण्याच्या क्षमतेचा आकडा) प्रकाश गोळा करते आणि फ्लुओरेसिन एक लाखाच्याही आत. तेव्हा यील्ड ०.६ ला पोचली की पुढचा जोर साखळीच्या लांबीवर द्या, आणि शेवटचं टोक अँटिबॉडीच्या जोडणीसाठी राखून ठेवा.