मदत हवी: जुन्या अमेरिकन बातमीतला 'हिंदू', उद्या सकाळी द्यायचंय

झणझणीत: जुन्या अमेरिकन पेपरातल्या बातमीचं भाषांतर करतोय, त्यात सगळीकडे हिंदू हिंदू लिहिलंय आणि माणसाचं आडनाव खान. पेपरवाल्याची चूक धरून मुसलमान करू का तसंच ठेवू? गुगलवर नुसती प्रवचनं येतायत. प्लीज लवकर.

खटपट्या: साल? गाव? स्पेलिंगमध्ये शेवटी दोन ओ की यू? काहीच सांगायचं नाही आणि वर लवकर!

पानसुपारी: जुनं काही वाचायचं असलं की मोडी शिकून घ्यावी. आमच्या जमिनीचे कागद मीच वाचले, ऑनलाइन क्लास आहेत.

खटपट्या: अहो ताई, पेपर अमेरिकेचा आहे.

पोर्टलंडकर: चूक नाहीये ती. तेव्हा इकडे इंडियन म्हटलं की इथले मूळ रहिवासी, म्हणून आपल्याकडून आलेला कुणीही हिंदू, मग शीख असो नाहीतर मुसलमान. सप्टेंबर १९०७ ला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये लाकूड गिरण्यांतल्या कामगारांना जमावाने मारून हाकललं, बहुतेक शीख होते, पेपरांत हिंदूच. जर्मनीच्या मदतीने इंग्रजांविरुद्ध उठाव करू पाहणाऱ्या गदरवाल्यांवर १९१७-१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत खटला चालला तोही 'हिंदू-जर्मन कट'.

सडेतोड७७: म्हणजे हिंदू हा भौगोलिक शब्द आहे हे अमेरिकेनेही मान्य केलं तर!

खटपट्या: कसलं मान्य, बाहेर ठेवायला लावलेलं लेबल होतं ते. भगतसिंग थिंद पगडीवाले शीख, १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना 'उच्चवर्णीय हिंदू' म्हणूनच गोरे नाहीत असं ठरवलं आणि नागरिकत्व नाकारलं. १९३० आणि १९४० च्या तिथल्या जनगणनेत तर हिंदू हा वंश आहे, धर्म नाही.

मधलीआळी: पण सरसकट भारतीय करू नका हां. मिशनऱ्यांच्या बातम्यांत हिंदू म्हणजे धर्मच असतो बऱ्याचदा. आनंदीबाई जोशी १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्यांना हिंदू म्हटलं तर ते दोन्ही अर्थांनी खरं, समारंभाला पंडिता रमाबाई होत्या त्या तोवर ख्रिस्ती झालेल्या, म्हणजे त्या हिंदू एकाच अर्थाने. मजा म्हणजे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जुन्या पेपरांच्या साइटवर १८८१ टाकून दोन ओ वालं स्पेलिंग शोधलं तर ढीगभर बातम्या घोड्याच्या, त्या नावाचा घोडा केंटकी डर्बी जिंकला होता.

झणझणीत: घोडा नाहीये माझ्या बातमीत. १९१०, ऑरेगन, गिरणीत पाय मोडलेला कामगार. बास?

पोर्टलंडकर: हे आधी सांगितलं असतं तर! 'हिंदी' लिहा. 'हिंदी कामगार जखमी'. टिळकांच्या वेळचे आपले पेपर असंच लिहायचे.

सडेतोड७७: आजच्या पोरांना वाटेल हिंदी भाषिक, यूपीचा भैया. हिंदुस्थानी लिहा.

खटपट्या: भारतीय लिहा आणि एक तळटीप टाका, विषय संपला.

झणझणीत: संपादक तळटीप घेत नाहीत, जागा नाही म्हणतात.

मधलीआळी: खान म्हणजे खानखोजे तर नसतील? वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्या सुमारास ऑरेगनमध्येच होते, नंतर मेक्सिकोत मक्यावर मोठं काम केलं त्यांनी.

झणझणीत: नाही हो, पूर्ण नाव आहे माझ्याकडे, खानच आहे. हिंदी टाकतोय, संपादक ओरडले तर बघू.

पानसुपारी: तो मेक्सिकोचा मका गच्चीत कुंडीत येतो का? बी कुठे मिळेल पुण्यात?