मदत हवी आहे: कथेच्या चित्रानेच कथेचा शेवट फोडला तर?

आम्ही पाच-सहा जण मिळून हौसेने ऑनलाइन दिवाळी अंक काढतो. छापील नाही, नुसता वेबवरचा. वसुबारसेला प्रकाशित करायचा आहे आणि एका चित्रावरून गाडी अडली आहे.

कथा अशी: तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर एक म्हातारे गृहस्थ रोज पत्र्याची ट्रंक घेऊन येऊन बसतात. ट्रंकेत काय आहे ते शेवटच्या परिच्छेदात कळतं. आमच्या चित्रकर्तीने कथा मन लावून वाचली आणि नेमकी उघडी ट्रंक काढली. चित्र इतकं सुंदर उतरलंय की नाही म्हणवत नाही, हीच पंचाईत. लेखक म्हणतात, हे वर लावणार असाल तर माझी कथा परत द्या. आणि त्यांचंही चूक नाही.

एकाने सुचवलं, फुकटातला फोटो लावा. शोधला. "म्हातारा माणूस" म्हटलं की फेटा, उंट आणि वाळू. आमची कथा पावसाळ्यातल्या कोकणातली! दुसऱ्याने एआयकडून करून घेतलं, तर एस.टी.च्या पाटीवर शिरोरेघ व्यवस्थित आणि खाली अक्षरं कुठल्याच भाषेची नाहीत. एका हाताला बोटंही सहा.

तर प्रश्न असा, की चित्र कापून फक्त गृहस्थांचा चेहरा वर ठेवला तर चालेल का? की चित्र खाली न्यावं? की सरळ बिनचित्राची कथा द्यावी? मानधन देऊन झालं आहे.

—

मुद्राराक्षस:
बिनचित्राची देऊ नका. आपल्याकडे चित्रं बघत बघत अंक चाळायचा आणि मग कुठली कथा आधी वाचायची ते ठरवायचं, ही सवय जुनी आहे. दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' काढला, मुळगावकरांचा 'रत्नप्रभा' होता. चित्रकारच अंकाचे कर्तेधर्ते. 'ललित' मासिकातलं 'ठणठणपाळ' हे सदर घ्या. जयवंत दळवी टोपणनावाआड, आणि वाचकाला ठणठणपाळ म्हणून जो दिसायचा तो चित्रकार वसंत सरवट्यांनी काढलेला.

पण एक फरक लक्षात घ्या. छापील अंकात चित्र आणि मजकूर एका पानावर नांदायचे. चित्रात शेवट डोकावला तरी अंक हातात असायचा, माणूस वाचायचाच. वेबवर चित्र कथेला सोडून एकटंच गावभर फिरतं. व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की चित्र, शीर्षक, दीड ओळ. कथा न उघडणाऱ्या माणसालाही ते दिसतं. तेव्हा तुमचा प्रश्न चित्र चांगलं की वाईट हा नाहीच, ते दारात ठेवायचं की माजघरात, एवढाच आहे.

—

काळी शाई:
मी हेच काम करते म्हणून जरा तिखट लिहिते. न विचारता कापू नका. चित्र म्हणजे कापड नव्हे. चेहरा, ट्रंक आणि मधली रिकामी जागा असा तिने तोल साधला असणार, नुसता चेहरा उचललात तर पासपोर्टचा फोटो उरेल.

खरी चूक आधीच झाली आहे आणि ती तुमच्याकडून. कथा पाठवताना "काय काढू नका" हे सांगायचं असतं. मी तर पक्कं चित्र करण्याआधी पेन्सिलीचा कच्चा आराखडा पाठवते, तेव्हाच हे लक्षात आलं असतं.

आता तिच्याकडून दुसरं छोटं रेखाटन मागा, त्याचे पैसे वेगळे द्या. पानाच्या कोडमध्ये लिंकसोबत दिसणारं चित्र (ओपन ग्राफचं) स्वतंत्र देता येतं, तिथे ते लावा. १२०० बाय ६३० पिक्सेल धरा आणि मुख्य गोष्ट मधोमध ठेवा, कारण काही ठिकाणी दोन्ही बाजू कापून चौकोन करतात. आणि हे अंक जाहीर करण्याआधी उरका. लिंक एकदा फिरली की नंतर बदललं तरी काही काळ जुनंच चित्र दिसत राहतं. शीर्षक चित्रात रंगवू नका. फोनवर वाचवत नाही आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते कळतच नाही.

—

अर्धवटराव:
मानधन दिलं म्हणजे चित्र आपलं, असं गृहीत धरू नका, कराराचा कागद करा. हक्क लेखी दिले आणि त्यात मुदत लिहिली नाही, तर आपल्या कॉपीराइट कायद्यात ती ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमचे निम्मे वाचक अमेरिकेत असतील! शिवाय मोडतोड करून चित्रकाराच्या नावलौकिकाला धक्का लागला, तर हक्क विकल्यानंतरही तो दाद मागू शकतो. चार ओळींची ईमेल पुरते असं समजू नका, सहीचा कागद असू द्या.

—

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. काळी शाईताई, बोलणी खाल्ली, पण पटली. काल तिला फोन केला. ती हसलीच. म्हणाली, "मला आधी बंद ट्रंकच सुचली होती, मला वाटलं तुम्हाला अळणी वाटेल." रात्री पाठवली पण. सुतळीने बांधलेली कडी, त्यावर हात, मागे पावसाचे चार फटकारे. लिंकसाठी आणि कथेच्या वर हीच. उघडी ट्रंक शेवटच्या ओळीच्या खाली, पूर्ण रुंदीत. लेखक खूश, कथा परत मागत नाहीत. कागदही करतोय, जगभरासाठी, १० वर्षांचा.

आता एकच अडलंय. स्क्रीन रीडरसाठी चित्राचं वर्णन लिहायचं असतं ना? वरच्या चित्राचं सोपं आहे. खालच्यात ट्रंकेत काय आहे ते लिहावं, की वाचणाऱ्याने शेवट नुकताच ऐकलाय म्हणून गाळावं? लेखक आणि चित्रकर्ती दोघंही "तुम्हीच लिहा" म्हणतायत.

—

काळी शाई:
लिहा. बाकीच्यांना दिसणार आहे ते त्यांनाही कळू दे. फक्त ते वर्णन चुकून वरच्या चित्राला चिकटवू नका.