१४ मेचं आमंत्रण, आणि फिजीबद्दल आपलं सरकार

सर्व सभासदांना नमस्कार,

इथे न्यूझीलंडमधल्या फिजी भारतीयांनी गिरमिट दिवसाच्या (करारावर फिजीला गेलेल्या भारतीय मजुरांच्या आठवणीचा दिवस) कार्यक्रमाला मंडळाला बोलावलं आहे. सात-आठ जणांनी येतो म्हणून कळवलं. दोघांनी मात्र विचारलं, आपले गणपती, आपली संक्रांत, यात फिजीचं काय? आणखी एक प्रश्न आलाय. फिजीत १९८७ला लष्करानं सत्ता घेतली तेव्हा भारत सरकार एवढं कडक वागलं, त्याचा तिथल्या आपल्या लोकांना फायदा झाला की तोटा? अण्णा, तुम्ही त्या वर्षी इथे नवीनच आला होतात. दोन शब्द लिहाल का?

सचिव

---

सचिव आणि मंडळी,

दोन शब्दांत काही मावणार नाही, थोडं सांभाळून घ्या.

आधी 'यात आपलं काय' ते सांगतो. १४ मे १८७९ला 'लिओनिदास' जहाज कलकत्त्याहून फिजीला पोचलं. त्यात आणि पुढच्या जहाजांत मिळून साठ हजारांहून जास्त माणसं पाच वर्षांच्या करारावर उसाच्या मळ्यांत राबायला गेली. अ‍ॅग्रीमेंटचं झालं गिरमिट, आणि माणसं झाली गिरमिटिया. बहुतेक जण उत्तर प्रदेश-बिहारचे, नंतर मद्रासकडचे. मराठी माणूस त्यात नावापुरताच. पण ही पद्धत मुळातूनच बंद करा, असा ठराव १९१२च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात कोणी मांडला? आपल्या रत्नागिरीच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. सरकारी मतांपुढे तो पडला, पण गोखले हटले नाहीत. शेवटचे करार रद्द झाले १९२०मध्ये, तेव्हा गोखले हयात नव्हते. एवढं नातं मला त्या हॉलमध्ये जाऊन बसायला पुरेसं आहे.

आता १९८७. त्या एप्रिलच्या निवडणुकीत डॉ. तिमोदी बावाद्रांची आघाडी ५२ पैकी २८ जागा घेऊन आली. बावाद्रा स्वतः मूळ फिजीयन, पण मंत्रिमंडळात भारतीय वंशाचे बरेच, आणि तेवढं निमित्त पुरलं. १४ मेला, बरोबर 'लिओनिदास'च्याच तारखेला, तोंडावर मास्क चढवलेले सैनिक संसदेत घुसले आणि लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुकांनी अख्खं सरकार उचलून नेलं. हे राबुका १९७९ साली आपल्या निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात शिकून गेले होते. मला हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

सप्टेंबरात त्यांनी पुन्हा सत्ता घेतली आणि ऑक्टोबरात फिजी प्रजासत्ताक म्हणून जाहीर केलं. इथे त्यांची अडचण झाली आणि दिल्लीला धागा सापडला. राष्ट्रकुलाचा तेव्हाचा नियम असा होता की एखादा सभासद देश प्रजासत्ताक झाला, तर त्याला सभासदत्व टिकवायला सगळ्यांची संमती लागते. एक जरी नाही म्हणाला तरी दार बंद. व्हँकुव्हरच्या परिषदेत राजीव गांधी ठाम राहिले आणि फिजीचं सभासदत्व संपलं. सरकारनं व्यापारही तोडला. पण फिजीशी आपला व्यापार असा होता किती, त्यामुळे त्याची झळ त्यांना फारशी लागली नसणार. खरं वजन संमतीच्या त्या नकारात होतं.

आणि लक्षात घ्या, शेजारी ऑस्ट्रेलिया आणि आपला न्यूझीलंड, दोघांनीही सुरुवातीला निषेध केला, मदत थांबवली आणि मग थोड्याच काळात व्यवहार पूर्ववत केले. अकरा-बारा हजार किलोमीटर लांबचा भारत मात्र दहा वर्षं अडून राहिला. १९४६ला स्वतःचं राज्यही हाती आलेलं नसताना भारतानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडून तिथल्या हिंदी लोकांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला होता. मला हे त्याच रांगेतलं वाटतं. भारत बरोबर होता, असं माझं ठाम मत.

अण्णा

---

अण्णा,

तुमचं मत मला मान्य आहे, पण तुम्ही दिल्लीहून बघताय. मी माझ्या शेजारच्या भाभींच्या स्वयंपाकघरातून बघते.

त्या फिजीतल्या नौसोरीच्या. रविवारचा वटहुकूम आला तेव्हा काही काळ रविवारी बस बंद, काम बंद, खेळ बंद. भाभी सांगतात, देवळातून घरी चालत येताना नवरा पुढे आणि त्या मागे, तोंडातून शब्द न काढता, कारण वाटेत सैनिक. मुलीला त्या राजधानी सुव्याच्या भारतीय सांस्कृतिक केंद्रात नाच शिकायला नेत. १९८९ला भारताच्या राजदूतांना, टी. पी. श्रीनिवासन यांना, देश सोडायला लावलं आणि मे १९९०मध्ये दूतावास आणि केंद्र दोन्ही बंद करायला लावलं. ते फिजी सरकारनं केलं, भारतानं नाही, हे मला माहीत आहे. पण वाद चिघळला की माणसं मधल्या मध्ये चिरडली जातात, ते कुठल्या बाजूनं सुरू झालं यानं त्यांना फरक पडत नाही.

त्याच वर्षी त्यांच्या सासूबाई गेल्या. अस्थी गंगेत सोडायच्या, एवढीच त्यांची इच्छा. सुव्यात विचारायला ऑफिस उरलं नव्हतं. कागद परदेशी पाठवायचे, उत्तराची वाट बघायची. तांब्याचा तो कलश आठ महिने देव्हाऱ्याखाली होता, वर लाल फडकं बांधून. परवा भाभींनी ते फडकं मला दाखवलं. अजून जपून ठेवलंय, घडी मोडू देत नाहीत.

अण्णा, दिल्लीत बसून निषेध करणं सोपं होतं असं मी म्हणत नाही. पण १९९०च्या घटनेत ७० पैकी ३७ जागा मूळ फिजीयनांना आणि भारतीयांना २७, पंतप्रधानपद तर भारतीयाला मिळणारच नाही, अशी सोय झाली. तेव्हा तिथे आपला एकही माणूस नव्हता, कोणाची कागदपत्रं अडली तर बघायला, कोणाच्या लग्नाला जायला. १९८६च्या जनगणनेत फिजीत भारतीय ४८ टक्क्यांवर होते, २००७मध्ये ३८च्या आसपास. ती माणसं गेली कुठे? आपल्याच ऑकलंडच्या पापाटोएटोएत, सिडनीत, व्हँकुव्हरात. माझ्या शेजारी.

माई

---

माई,

तो कलश वाचून मी थांबलोच. रात्री बायकोला वाचून दाखवलं, तीही बराच वेळ काही बोलली नाही.

एक सांगतो, तुम्हाला खोडून काढायला नाही. संमतीचा तो नकार शेवटी उपयोगी पडला. आपल्या इथलेच माजी गव्हर्नर जनरल पॉल रीव्हज यांच्या आयोगानं नवी घटना सुचवली, राबुका आणि तिथल्या भारतीयांचे नेते जय राम रेड्डी एका टेबलाला बसले, १९९७ला घटना बदलली आणि तेव्हाच राष्ट्रकुलाचं दार उघडलं. भारतानं संमती दिली. १९९९ला सुव्यातलं कार्यालय पुन्हा उघडलं आणि त्याच वर्षी भारतीय वंशाचे महेंद्र चौधरी पंतप्रधान झाले. २०००मध्ये बंडखोर जॉर्ज स्पेटनं त्यांना संसदेतच ५६ दिवस ओलीस ठेवलं, म्हणजे जखम भरली नव्हती. २००६ला लष्करप्रमुख बैनीमारामांनी सत्ता घेतली तेव्हा मात्र भारतानं दार लावलं नाही. कार्यालय चालू राहिलं, शिष्यवृत्त्या चालू राहिल्या. काहींना तो कच्चेपणा वाटतो. तुमचं पत्र वाचल्यावर मला वाटतं, ऑफिस बंद असलेल्या त्या नऊ वर्षांतून कोणीतरी शिकलं असावं. विरोध करा, ठामपणे करा, पण ऑफिसातला दिवा विझेल अशी वेळ येऊ देऊ नका. हे मी कालपर्यंत म्हटलं नसतं.

राबुका आता पुन्हा पंतप्रधान आहेत. २०२३च्या १४ मेला त्यांनी सुव्यात भरल्या सभेत १९८७ची माफी मागितली आणि त्या वर्षापासून गिरमिट दिवसाची तिथे सुट्टीही सुरू झाली. माफी द्यायची की नाही, हे भाभींनी ठरवायचं. तुम्ही त्यांना विचारलंत का कधी?

अण्णा

---

अण्णा,

विचारलं. काही बोलल्या नाहीत. चहा ठेवला आणि विचारलं, १४ तारखेला तुमच्या मंडळातले किती जण येणार, त्या हिशेबानं पुऱ्या लाटायच्या आहेत.

सचिव, आकडा उद्यापर्यंत कळवा. माझ्या गाडीत तिघांना जागा आहे, भाभी पुढे बसतील.

माई