अनुभव धागा: कमोडच्या बुडाची गळती आणि तुटलेला फ्लँज

कमोडच्या बुडाशी कायम ओल राहते, कितीही धुतले तरी संडासातला वास हटत नाही, खालच्या छताला पोपडे धरतात. या तक्रारी आपल्या खान्देशात घरोघरी आहेत. पण विषय संडासाचा असल्यामुळे चारचौघांत त्याबद्दल कोणी बोलत नाही आणि प्रत्येक घर तीच चूक नव्याने करते. म्हणून हा धागा काढला आहे. ज्यांनी कमोड उचलून त्याखालचा फ्लँज (पाइपच्या तोंडावरची कडी), कनेक्टर (भांडे आणि पाइप जोडणारा रबरी तुकडा) किंवा सिमेंटचा जोड बदलला असेल, मग तो स्वतः बदललेला असो वा मिस्त्रीकडून, त्यांनी आत काय आढळले आणि काय चुकले ते सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करतो.

जळगाव

आमच्याकडे कमोडच्या मागच्या बाजूने पाणी झिरपत असे. दोन मिस्त्रींनी मिळून तीन वेळा बुडाभोवती पांढरा सिमेंट भरला आणि तिन्ही वेळा महिन्या-दोन महिन्यांत ओल परत आली. चौथ्या वेळी एक वयस्क प्लंबर आले. त्यांनी काहीही न विचारता भांड्याच्या काठावर दोन्ही तळवे टेकवले, अलगद डावीकडे-उजवीकडे रेटून पाहिले आणि म्हणाले, "आप्पा, भांडं हालस."

मग त्यांनी घरातून कपड्यांची नीळ मागवली. बुडाभोवतीची फरशी कोरडी पुसून तिच्यावर जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या अंथरल्या, फ्लशच्या टाकीत नीळ कालवली आणि दोनदा फ्लश केला. टाकीचा जोड व अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीतला नळ) कोरडेच राहिले. मात्र पाच-सात मिनिटांत मागच्या पट्टीवर बोटभर रुंद निळी रेघ उमटली. गळती टाकीची नसून बुडाची आहे, याची खात्री पटल्यावरच त्यांनी भांड्याला हात घातला. ही चाचणी कोणालाही करता येण्यासारखी आहे आणि तोडफोडीआधी ती केलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

पाणी बंद करून, टाकी रिकामी करून आणि भांड्यातले उरलेले पाणी फडक्याने टिपून त्यांनी गंजलेले स्क्रू करवतीच्या पात्याने कापले. भांडे उचलताच त्यांनी पाइपच्या तोंडात फडक्याचा बोळा बसवला आणि बोळा आत जाऊ नये म्हणून त्याला सुतळी बांधून ती बाहेर ठेवली. गटारातला वायू घरात शिरू नये आणि खडे-माती पाइपात पडू नये, यासाठी ही खबरदारी असते.

खरे कारण तेव्हा दिसले. फ्लँज म्हणजे ४ इंची पाइपच्या तोंडावर बसणारी आणि जमिनीला जखडलेली कडी. भांडे तिच्यावरच घट्ट बसते. आम्ही दोन वर्षांपूर्वी जुन्या फरशीवरच नवीन टाइल्स बसवून घेतल्या होत्या. त्यामुळे जमीन वर आली आणि फ्लँज ५ सूत (सुमारे १६ मिलिमीटर) खाली राहिला. फ्लँज पक्क्या फरशीच्या वर टेकलेला असेल, तरच त्याच्या आणि भांड्याच्या मधली रबरी रिंग दाबली जाते. आमच्याकडे ती दाबलीच जात नव्हती, आणि स्क्रू जास्त आवळल्यामुळे फ्लँजचा डावा कानही (स्क्रू बसण्याची जागा) तुटला होता. पांढऱ्या सिमेंटाने गळती थांबलीच नव्हती, ती फक्त आमच्या नजरेआड झाली होती आणि पाणी तोवर कोब्यात मुरत होते.

नवा फ्लँज उंची भरून काढणाऱ्या कडीसह बसवला, पितळी स्क्रू वापरले आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले. एकच बाजू जोरात आवळली, तर चिनी मातीचे भांडे तडकते. बुडाभोवती सिलिकॉन लावले, पण मागे दोन बोटे फट मुद्दाम मोकळी ठेवली, म्हणजे पुढे कधी गळती झालीच तर ती लपून राहणार नाही. सिलिकॉन सुकेपर्यंत २४ तास संडास वापरला नाही.

धुळे

आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. खालच्या काकूंच्या छतावर डाग पडला, तेव्हा आम्ही सर्वांनी नाहणी ट्रॅपलाच (न्हाणीघरातल्या जमिनीवरच्या मोरीच्या जाळीखालच्या भांड्याला) दोष दिला आणि न्हाणीघराची फरशी उखडायला निघालो होतो. सुदैवाने माझ्या भावाने एक दिवस न्हाणीघर बंद ठेवून फक्त कमोड वापरून पाहण्याचे सुचवले, आणि त्या दिवशीही डाग पसरला. आमच्या कमोडचा निकास भिंतीत जातो, त्यामुळे तिथे फ्लँज नसून रबरी कनेक्टर आहे. तो उन्हाळ्यांनी इतका कडक झाला होता की काढताना दुमडण्याऐवजी त्याचे तुकडे पडले. भिंतीतला पाइपही जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढाच कनेक्टरमध्ये शिरलेला होता; तो वाढवून घेतल्यावरच गळती थांबली. काकूंच्या छताचा रंग आम्ही करून दिला, आणि तो आधीच करून द्यायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

भुसावळ

मुलाने परदेशातून फ्लँज आणि भांड्याच्या मधे रबरी रिंगेऐवजी बसवायची मेणाची रिंग आणली होती. ती एप्रिल-मे आमच्या गच्चीवरच्या खोलीत पडून राहिली. भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. जूनमध्ये डबा उघडला तेव्हा रिंग एका बाजूला बसलेली होती. शिवाय मेणाची रिंग एकदा दाबली गेली की पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे भांडे ठेवताना हात चुकला तर नवीनच लागते. आम्ही रबरी रिंग वापरली.

चोपडा

आमच्याकडे बोअरचे पाणी आहे आणि त्याच्या क्षारांचा पिवळा थर भांड्यावर चढतो. तो काढण्यासाठी मी अनेक वर्षे दर रविवारी अॅसिड ओतत असे. भांडे लखलखीत दिसे, पण तेच अॅसिड बुडाशी ओघळून पांढऱ्या सिमेंटातला चुना खात होते. शेवटी जोडावर नख फिरवले, तर खडीसाखरेचा चुरा पडावा तसा भुगा हातात आला. खालचे लोखंडी स्क्रूही त्यानेच खाल्ले होते.

भगिनींना एक कळकळीची विनंती आहे. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही वापरू नका, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो. मला एकदा तो लागला आणि दोन दिवस खोकला थांबला नाही. आता मी रात्री निंबूफुलाचे पाणी भांड्यात ओतून ठेवते आणि सकाळी ब्रशने घासते. थर थोडा उशिरा सुटतो, पण जोड शाबूत राहतो.

शहादा

आमचे घर काळ्या जमिनीवर आहे आणि आमची अडचण वेगळी होती. फ्लँज दोनदा बदलला आणि दोन्ही वेळा तो एकाच बाजूने तुटला. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता टेकवलेला पाइप तिच्याबरोबर खाली-वर होत होता आणि जाताना फ्लँजला ओढून नेत होता. अखेर फरशी फोडून काळी माती काढली, मुरूम भरून चोपला, पाइपखाली काँक्रीटचा आधार दिला आणि चेंबरपर्यंत दर ४ फुटांना साधारण १ इंच उतार ठेवला. तळमजल्यावरच्या मंडळींनी फ्लँज पुन्हा पुन्हा तुटत असेल, तर खालची जमीन अवश्य तपासावी.

जळगाव (धागाकर्ता)

शहाद्याच्या अनुभवाबद्दल विशेष आभार. भांडे हलते की पाइपच खचतो, हा फरक आमच्या ध्यानात आला नव्हता. ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत, त्यांनी संडास बंद असतानाचे २४ तास कसे काढले, तेही लिहावे.

पारोळा

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यामुळे त्यांना खाली बसता येत नाही आणि घरात कमोड एकच आहे. आम्ही त्या दिवसासाठी कमोडची खुर्ची भाड्याने आणली आणि काम सकाळी लवकर सुरू करायला सांगितले. नानांना फार संकोच वाटत होता, म्हणून खुर्ची मागच्या खोलीत पडदा लावून ठेवली.

फ्लँज तुटण्याचे कारणही तेव्हाच उमगले. उठताना नाना उजव्या हाताने भांड्याच्या काठावर सगळा भार टाकत, भांडे त्या बाजूला झुके आणि फ्लँजचा कान रोज थोडा थोडा पिचत गेला. नवीन फ्लँज बसवला त्याच दिवशी मिस्त्रीकडून उजव्या भिंतीत स्टीलचा दांडा ठोकून घेतला. त्याची उंची नानांना बसवून, त्यांच्या हाताच्या मापाने ठरवली. आता ते दांडा धरून उठतात.