टेबलं मोजून जुगार आटोक्यात येतो का? सॅन होजेचे पत्त्यांचे क्लब आणि 2043 पर्यंतची बंदी

फ्रीमाँटकर

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्याकडे तीन पत्तीचा डाव पडतो. बोली पाव डॉलरची, त्यामुळे माणूस हरून हरून एका पिझ्झाइतका हरतो. यंदा डाव ऐन रंगात असताना एका पाहुण्याने विचारलं, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत पत्त्यांचे परवाना असलेले दोनच क्लब आहेत, मग तिसरा का निघत नाही? पत्ते तसेच पालथे राहिले आणि एक वाजेपर्यंत खडाजंगी चालली. निकाल लागला नाही म्हणून धागा काढतोय.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं. पाटीवर कॅसिनो लिहिलेलं असलं तरी इथली कार्डरूम म्हणजे कॅसिनो नव्हे. तिथे स्लॉट मशीन नाही, रूलेट नाही, फक्त पत्ते. क्लबला स्वतः डावात उतरता येत नाही, तो खेळणाऱ्यांकडून दर डावामागे ठरलेले पैसे घेतो. आपल्याकडे अड्डेवाला घेतो त्याला नाल म्हणतात, तेच. फक्त इथे त्यावर कर भरतात.

कॅलिफोर्नियात असे क्लब ऐंशीच्या आसपास आहेत. नव्वदच्या दशकापासून नवे परवाने बंद आहेत, मुदत संपत आली की विधिमंडळ ती वाढवत आलंय. 1 जानेवारी 2023 ला मुदत खरोखरच संपली. चार-पाच महिने दार उघडं राहिलं आणि मग एबी 341 हा कायदा आला: आता थेट 2043 पर्यंत नवा क्लब नाही. वीस किंवा त्याहून कमी टेबलांच्या छोट्या क्लबांना मात्र टप्प्याटप्प्याने आणखी दहापर्यंत टेबलं वाढवता येतील.

आता सॅन होजे. बे 101 आणि कॅसिनो मॅट्रिक्स, दोन्ही विमानतळाजवळ. 2010 पर्यंत प्रत्येकी 40 टेबलं. त्या वर्षी मेजर के (मेजर म्हणजे मतदानाला ठेवलेला शहराचा प्रस्ताव) मंजूर झाला, कर 13 चा 15 टक्के झाला, टेबलं 49 झाली. 2020 मध्ये मेजर एच आला, कर साडेसोळा, टेबलं 64. दोन्ही वेळा लोकांनीच मतदान करून दिलं. आणि ती वर्षं बघा. 2010 म्हणजे मंदी, 2020 म्हणजे कोविड. शहराची तिजोरी रिकामी झाली की मर्यादा सैल होते. मेजर एचमधून वर्षाला दीड कोटी डॉलर जादा मिळतील असा अंदाज होता. तेव्हा मी सॅन होजेत राहायचो. मतपत्रिकेवर अग्निशमन, रस्तेदुरुस्ती, बेघरांना मदत अशी यादी होती, वाढीव तीस टेबलं शेपटीला. मीही 'हो'वर काळं केलं.

म्हणून म्हणतो, ही मर्यादा खेळणाऱ्याला वाचवण्यासाठी नाही. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांची ती जहागीर आहे, आणि जहागीरदाराकडून सारा घेणारं शहर त्यात भागीदार. मर्यादा काढा आणि ज्या गावाला क्लब हवाय त्याला मतदान घेऊ द्या. नाहीतर सरळ सगळं बंद करा. हे अधलंमधलं कोणासाठी?

निळावंती

तुमचा मुद्दा अर्धाच पटला. तिजोरीबद्दल बरोबर बोललात, पण त्यावरून 'मर्यादा काढा' कसं निघतं? दारूच्या दुकानदाराला फायदा होतो म्हणून दुकानांची संख्या मोकळी सोडायची का?

मी सांगते ते आमच्या घरातलं आहे. क्लबचं नाव सांगणार नाही, सॅन होजेतला नाही एवढं पुरे. माझ्या मावसबहिणीचा नवरा ऑफिसमधून निघाला की वाटेवर 'अर्धा तास' थांबायचा. ट्रॅफिक कमी होईपर्यंत, असं म्हणायचा. दीड वर्षाने तिला गाडीच्या डॅशबोर्डमध्ये एटीएमच्या पावत्या सापडल्या, रबरबँड लावून नीट तारीखवार ठेवलेल्या. सगळ्या एकाच यंत्राच्या, आणि ते यंत्र क्लबच्या आत. एका संध्याकाळच्या चार-चार. हिशेब ठेवणारा माणूस होता हो तो, तेच सहन होत नाही.

पुढे त्यांना घर बदलावं लागलं. नवीन घरापासून सगळ्यात जवळचा क्लब सव्वा तासावर. तो सुटला. समुपदेशन झालं, राज्याच्या यादीत स्वतःचं नाव घालून स्वतःवर प्रवेशबंदी करून घेता येते, तेही केलं. पण तो स्वतः म्हणतो की अंतराने वाचलो. प्रत्येक फ्रीवेच्या फाट्यावर क्लब असता तर?

सॅन होजेला लागून असलेल्या मिल्पिटासमध्ये 2014 साली गावात पत्त्यांचा क्लब हवा का, हा प्रश्न मतदानाला आला होता. लोकांनी साफ आपटला. त्या गावात आपली किती माणसं राहतात तुम्हाला माहीत आहे.

टेबल_नंबर_सात

ताई, वाईट वाटलं वाचून. तरी वेगळं बोलतो, कारण मी आठवड्यातून एकदा पोकर खेळतो आणि इथे बहुतेकांनी ती खोली आतून पाहिलेली नाही.

शुक्रवारी रात्री स्वस्त टेबलासाठी यादीत नाव घालून तास-दीड तास उभं राहावं लागतं. मर्यादेचा खेळणाऱ्याला दिसणारा परिणाम हा. टेबलं मोजकी असली की क्लब स्वस्त टेबल का लावेल? त्याच जागेवर महाग डाव बसवतो. मर्यादेने लोक कमी होत नाहीत, लहान बोलीवाला बाहेर पडतो. आणि तो घरी जाऊन झोपतो असं वाटत असेल तर तसं नाही. कोणाच्या तरी गॅरेजमध्ये डाव असतो, नाल तिथेही कापला जातो, कॅमेरा नाही, पोलीस नाही, भांडण झालं तर देवच वाली.

अजून एक. 'क्लब डावात उतरत नाही' हे कागदावर खरं आहे. ब्लॅकजॅकसारख्या टेबलावर बसून बघा. पत्ते वाटणारी बाई दर दोन डावांनंतर बटण पुढे सरकवते आणि एकेकाला विचारते, बँक घेणार का? म्हणजे बाकी सगळ्यांविरुद्ध खेळून त्यांचं देणं-घेणं अंगावर घेणार का? सगळे हात हलवून नको म्हणतात, काहीजण तर फोनमधून मान वर न काढता. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक माणूस चिप्सने गच्च भरलेला ट्रे घेऊन बसलेला असतो. तो घेतो. दर वेळी तोच. तो क्लबचा नोकर नाही, बाहेरच्या कंपनीचा माणूस, आणि त्या कंपनीलाही परवाना लागतो. गल्ला खरा त्या ट्रेमध्ये आहे. टेबल 49 का 64 यावर आपण भांडतोय आणि ट्रेकडे कोणी बघत नाही.

कऱ्हेकाठचा_वकील

पुण्याहून लिहितोय, तिथला कायदा माझा विषय नाही. पण सातनंबरवाल्यांचं वाचून आपल्याकडचा एक निकाल आठवला. 1967 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे सिकंदराबादच्या एका क्लबचं प्रकरण होतं, आंध्र प्रदेश विरुद्ध के. सत्यनारायण. क्लबमध्ये रमी चालायची आणि क्लब बसण्याचे, पत्त्यांचे पैसे घ्यायचा. कोर्ट म्हणालं, रमीत पानं लक्षात ठेवावी लागतात, जुळवणी करावी लागते, तो प्रामुख्याने कौशल्याचा खेळ. आणि क्लबने सोयीपोटी माफक शुल्क घेतलं म्हणून तो जुगाराचा अड्डा ठरत नाही. पण त्याच निकालात हेही आहे की रमीच्या आडून क्लब नफा कमवायला लागला तर गोष्ट वेगळी. 'माफक' कुठे संपतं आणि 'नफा' कुठे सुरू होतो यावर आमच्याकडे अजून पोटं भरताहेत, माझ्यासकट.

जाता जाता: महाराष्ट्राने 1976 मध्ये कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर असा कायदा केला होता. तो एक दिवसही अमलात आला नाही. 2023 मध्ये रद्द केला. मर्यादा घालण्याची सर्वात स्वस्त पद्धत म्हणजे अधिसूचनाच काढायची नाही.

चिवडा_विथ_अटिट्यूड

सत्तेचाळीस वर्षं! आमच्या सोसायटीच्या लिफ्टपेक्षा जास्त.

डोंगरीचा_पोपट

फ्रीमाँटकर, तुम्ही मूळ गोष्टच सोडलीत. हा नीतीचा प्रश्न नाहीच, तह आहे तो. कॅलिफोर्नियात 2000 मध्ये प्रपोझिशन 1ए, म्हणजे राज्यभर मतदानाला ठेवलेला प्रस्ताव, मंजूर झालं, स्लॉट मशीन आणि बँक असलेले पत्त्यांचे खेळ यांचा हक्क मूळनिवासी जमातींना मिळाला, त्यांच्या भूमीवर. त्यांचं म्हणणं असं की टेबल_नंबर_सात म्हणतात तो ट्रेवाला माणूस म्हणजे मागच्या दाराने चालवलेली बँक, म्हणजे आमच्या हक्कावर घाला. एबी 341 ला दोन्ही बाजूंनी मान डोलावली, कारण दोघांना वीस वर्षं शांतता हवी होती. क्लबवाल्यांना नवा स्पर्धक नको, जमातींना नवा क्लब नको.

शांतता टिकली नाही. 2024 मध्ये एसबी 549 हा कायदा झाला, जमातींना क्लबांविरुद्ध कोर्टात जायची परवानगी मिळाली. त्यांनी 2025 च्या सुरुवातीला दावा लावला. त्याआधी 2022 मध्ये खेळांवरचा सट्टा कायदेशीर करण्याच्या प्रपोझिशन 26 आणि 27 च्या प्रचारावर चाळीस कोटी डॉलरहून जास्त उधळले गेले आणि मतदारांनी दोन्ही फेटाळले. तेव्हा 'गावाला हवं तर गावाने मतदान घ्यावं' हे तुमचं वाक्य भाबडं आहे. टेबल गावात असतं, पण भांडण दोन मोठ्या पैलवानांचं आहे.

आणि जमातींच्या बाजूने एक शब्द. ज्यांची जमीन घेतली त्यांना एक धंदा दिला, आता त्यातही वाटेकरी? मला त्यांचा राग कळतो.

टेबल_नंबर_सात

कळतो. पण मग सरळ म्हणा की मर्यादा जमातींच्या हक्कासाठी आहे. 'जुगाराला आळा' असं लेबल कशाला?

मिरामारचो

तुमचं वाचून हसू आलं. या, पणजीला या. आमच्याकडे मांडवीत सहा तरंगते कॅसिनो. वर्षानुवर्षं सरकार सांगतं, सहाच्या वर परवाना नाही. बरोबर, नाही दिला. परवान्यांचा आकडा सहावर थांबला, पण लहान बोट जाऊन मोठी आली. परवाना तोच, मजले वाढले, टेबलं वाढली. तुमच्याकडे निदान टेबलं मोजतात. आमच्याकडे बोटी मोजतात.

नदीतून हलवणार हे आश्वासन आहेच. तारीख येते, मुदतवाढ येते. माझा मुलगा शाळेत होता तेव्हापासून ऐकतोय, आता तो नोकरीला लागला. शनिवारी संध्याकाळी दयानंद बांदोडकर मार्गावरून स्कूटर काढून दाखवा. जेटीवर फीडर बोटीची रांग, बाहेर टॅक्स्या, आणि फुटपाथवर चप्पल काढून बूट घालणारे पर्यटक, कारण आत चपलेला परवानगी नसते. हा फुटपाथ कोणाचा, आमचाच ना?

1 फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत प्रवेशबंदी आहे. निळावंतीताई, तुमच्या मावसबहिणीच्या नवऱ्यासाठी ही मर्यादा कामाची. मला ती पटते, आणि तरी खटकते. जे आमच्यासाठी विष, ते पाहुण्याला ताटात वाढायचं? पण फ्रीमाँटकर, 'मर्यादा काढा' म्हणू नका. काढली की काय होतं ते कळवायला आमच्याकडे नदीच उरायची नाही.

निळावंती

मिरामारचो, ते 'पाहुण्याला ताटात' फार लागलं. कारण इथेही तेच. मिल्पिटासकरांनी नको म्हटलं, पण गाडी काढून दहा-पंधरा मिनिटांत सॅन होजेत जाता येतं. कर सॅन होजेला, पावत्या आमच्या डॅशबोर्डात.

फ्रीमाँटकर

सगळ्यांचं वाचलं. 'मर्यादा काढा' हे मागे घेतो. बोटींच्या गोष्टीपुढे ते टिकत नाही आणि निळावंतीताईंच्या सव्वा तासाला माझ्याकडे उत्तर नाही.

जहागिरीचा मुद्दा मात्र सोडत नाही. डोंगरीचा पोपट म्हणतात तसा तो तह असेल, तर तहाच्या अटी खेळणाऱ्यासमोर वाचून दाखवा. लॉस एंजेलिसजवळ हवाईयन गार्डन्स नावाचं गाव आहे, जेमतेम एक चौरस मैलाचं. त्याच्या तिजोरीत निम्म्याहून जास्त पैसा एका पत्त्यांच्या क्लबकडून येतो. 2020 मध्ये क्लबांना टाळं लागलं तेव्हा तिथे रोगाइतकीच पगाराची चिंता होती. अशा गावाने उद्या क्लबला 'पुरे' म्हणायचं कसं? मला टेबलांवरची मर्यादा चालेल, पण तिच्याबरोबर दुसरी हवी: शहराच्या खर्चात या पैशाचा वाटा अमुक टक्क्यांच्या वर नको. ती कोणी मागत नाही, कारण ती मागणाऱ्याला निवडणुकीत कर वाढवावा लागेल.

टेबल_नंबर_सात

आणि एटीएम खोलीबाहेर. पार्किंगच्या पलीकडे. पाऊस असला तरी चालत जायला लावा. मी स्वतः खेळणारा आहे आणि सांगतो, त्या चालण्यात निम्मे लोक गाडीकडे वळतील. मीही दोनदा वळलो असतो.

निळावंती

हे लिहून द्याल का नगरपालिकेला? खरंच विचारतेय. खेळणाऱ्याने लिहिलं तर वाचतील. माझ्यासारखीचं पत्र 'पीडित कुटुंब' फाइलमध्ये जातं.

टेबल_नंबर_सात

लिहितो. पावत्यांचं लिहिलं तर चालेल का? नाव न घेता.

निळावंती

रबरबँडचं पण लिहा.